ओळीवर थांबलेला हिरवा पट्टा

मेल्यावर माणूस किती गुणी होतो हे आमच्या सवनखलोकमध्ये माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नसेल. मी अंत्यविधीची पुस्तकं छापते. चितेच्या दिवशी येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात घरचे लोक एक लहानसं पुस्तक ठेवतात. मुखपृष्ठावर गेलेल्याचा फोटो, आत त्याचं चरित्र, मुलानातवंडांच्या आठवणी, आणि मागे एखादं सूत्र, नाहीतर आईच्या हातच्या रश्श्याची कृती. माझ्या पुस्तकांत आजवर एकही दारुडा मेलेला नाही. एकाही सासूने सुनेला छळलेलं नाही. सगळे पहाटे उठणारे, दानधर्म करणारे आणि मुलांवर समान माया करणारे. मी ते सगळं सुबक अक्षरात लावते, कडेला वेलबुट्टी काढते आणि तोंड बंद ठेवते. शेवटी धंदा आहे.

पूर्वी लोक कागदावर लिहून आणायचे आणि प्रत्येक भाऊ आपलाच कागद खरा म्हणून भांडायचा. आता मी एक फाइल उघडून देते. बँकॉकचा भाऊ, चियांग मायची बहीण, गावातली आत्या, सगळे आपापल्या घरून त्या एकाच फाइलमध्ये लिहितात. फाइल प्रत्येकाला एक रंग देते, आणि तो जिथे असेल तिथे त्या रंगाची रेघ लुकलुकते. कुणी माउसने चार शब्द सिलेक्ट केले की तेवढ्या शब्दांवर त्याच्या रंगाचा पट्टा चढतो, आणि तो बाकी सगळ्यांना दिसतो. हे मी पहिल्या दिवशी बजावून सांगते. तरी कुणाच्या लक्षात राहत नाही. आपल्या घरात दार लावून एकटे बसलोय असंच वाटतं त्यांना. आणि इकडे मी दुकानात गोड चहा पीत बसलेली असते. कोण स्वतःच्याच नावावर परत परत फिरून येतं, जावेच्या फोटोखालचं वाक्य धरून कोण विचारात पडतं, सगळं समोर असतं. बघू नये हे खरं, पण डोळे काय मिटून घेऊ?

ख्रू प्रयोंग गेले तेव्हा त्यांच्या पुस्तकाचं काम माझ्याकडे आलं. ते येणारच होतं. ख्रू म्हणजे गुरुजी. आमच्या अर्ध्या गावाला त्यांनीच अक्षरं शिकवली, मलाही. वाचताना ओळीखाली बोट ठेवायचं, आणि ओळ समजल्याशिवाय बोट पुढे न्यायचं नाही, ही त्यांची शिस्त. कुणी घाईने बोट पुढे सरकवलं की बांबूची छडी टेबलावर वाजायची. मुलाच्या पाठीवर कधी नाही, टेबलावरच.

त्यांना तीन मुलं. थोरली सुप्राणी बँकॉकला सरकारी कचेरीत मोठ्या जागेवर. आवाज असा खणखणीत आणि गोड की कुठलाही समारंभ असो, माइक तिच्याच हातात देतात. मधला बंचोंग नाखोन सवानला ट्रॅक्टर विकतो. धाकटी ओरथाय इथेच. शिवणकाम करायची. वडिलांना झटका आला, उजवी बाजू गेली, तेव्हा तिने शिलाई मशीन त्यांच्या पलंगाशेजारी ओढलं आणि तीन वर्षं ते तिथून हललं नाही. तीही नाही. त्यांचं घर माझ्या घराच्या मागेच आहे, म्हणून मला माहीत. त्यांना कुशीवर वळवताना ती "एक, दोन, हं बाबा" म्हणायची, ते माझ्या मोरीत ऐकू यायचं.

थोरली दोघं सोंगक्रानला यायची. नव्या वर्षाला म्हाताऱ्यांच्या हातावर सुगंधी पाणी घालायचं असतं ना, त्याला. ख्रूंचे हात वाडग्यावर धरायचे, पाणी घालायचं, फोटो काढायचे, आणि दुसऱ्या दिवशी जेवण होताच गाड्या वळायच्या. वाईट नव्हती ती. कामं होती, रस्ता लांब होता. सगळ्यांचा असतो.

ख्रू गेल्यावर सात दिवस विहारात मंत्रपठण झालं. मग शवपेटी शंभर दिवस विहारातच ठेवायची ठरली, म्हणजे तोवर पुस्तक होईल आणि मेरूसमोर, म्हणजे चितेच्या मंडपासमोर, सगळे जुने विद्यार्थी जमतील. सात दिवस झाले आणि गाड्या पुन्हा वळल्या.

फाइलमध्ये सुप्राणीचा रंग जांभळा आला, बंचोंगचा नारिंगी, ओरथायचा हिरवा. चरित्र सुप्राणीने लिहिलं. छान लिहिलं, वाचताना तिचा आवाजच ऐकू येत होता. बंचोंगने एक आठवण लिहिली, त्यात ख्रूंपेक्षा त्यांच्या जुन्या मोटरसायकलवर जास्त मजकूर होता. ओरथायने काहीच लिहिलं नाही. ती फक्त वाचायची. आणि तिचं वाचणं आम्हा सगळ्यांना दिसायचं, कारण ती वडिलांची मुलगी. पडद्यावर बोट ठेवून चालत नाही म्हणून माउसने ओळ धरायची, वाचायची, सोडायची, पुढची धरायची. दुपारी ती फाइलमध्ये आली की हिरवा पट्टा पानाच्या वरच्या टोकापासून एकेक ओळ खाली उतरत यायचा. तो कधी थांबायचा नाही आणि कधी घाईही करायचा नाही.

चरित्राच्या शेवटाकडे एक वाक्य होतं. "शेवटची तीन वर्षं तिन्ही मुलांनी आळीपाळीने त्यांची सेवा केली आणि एकही दिवस त्यांना एकटं राहू दिलं नाही."

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ते परत एकदा वाचलं. इतकी वर्षं असली वाक्यं छापतेय, पण ती लोकांच्या घरची. हे माझ्या मोरीपलीकडचं होतं. तरी मी काही बोलले नाही. ओरथाय वाचेल, आणि तिला हवं तर तीच खोडेल, असं मनाशी म्हटलं.

छपाईच्या आदल्या दिवशी तिघंही फाइलमध्ये होती. शेवटचं वाचून घ्या, उद्या सकाळी मशीनवर चढवते, असं मी सगळ्यांना कळवलं होतं. जेवणानंतर हिरवा पट्टा वरून उतरायला लागला. जन्म, गाव, शाळा, लग्न, शाळेची नवी इमारत, बायकोचं जाणं. मग तो त्या वाक्यावर आला. पूर्ण वाक्य धरलं, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, आणि थांबला.

मी वाट पाहिली. पट्टा पुढे जाईना. मी एका लग्नाची पत्रिका लावून काढली, तिची पहिली प्रतही काढली आणि परत पडद्यापाशी आले, तरी तो तिथेच होता. माझ्या मनात काय आलं ते स्पष्टच सांगते. मला बरं वाटलं. म्हटलं, बाई, शेवटी बोट ठेवलंस.

फोन वाजला. बंचोंग. सगळ्यांसारखा तोही मला पी म्हणतो, म्हणजे ताई.

"पी जियाप, ती फाइल अडकलीय का हो?"

"नाही. मस्त चाललीय."

"मग ते हिरवं हलत का नाही?"

"वाचत असेल तुमची बहीण."

"एक ओळ? इतका वेळ?"

"जड असेल ओळ."

मग तो खोकला. "हे बघा, ते वाक्य मी लिहिलेलं नाही. पी सुप्राणीने लिहिलंय. मी फक्त मोटरसायकलचं लिहिलंय. तुम्ही पाहिलंय ना?"

"पाहिलंय की."

"मग झालं तर," असं म्हणून त्याने फोन ठेवला, आणि नारिंगी रेघ फाइलमधून गेली. लहानपणीही काही फुटलं की हा असाच आधी अंगणाबाहेर असायचा.

आता पानावर जांभळा आणि हिरवा एवढेच उरले. जांभळी रेघ आधी चरित्राच्या वरच्या भागात उगाचच हिंडत होती. एक स्वल्पविराम काढला, परत घातला. इमारतीचं वर्ष तपासल्यासारखं केलं. मग हळूहळू खाली आली आणि त्या वाक्याच्या कडेला उभी राहिली. मी खुर्ची पुढे ओढली.

सुप्राणीने "आळीपाळीने" खोडून "मिळून" केलं. "मिळून" हिरवं झालं. तिने "एकही दिवस" काढून "शक्य तितके दिवस" केलं, तेही हिरवं झालं. साहजिकच होतं. ओरथायने धरलेल्या मजकुराच्या पोटात जे घालावं ते त्या पट्ट्यात जाणारच, ही त्या फाइलची रीत. मग सुप्राणीने लिहिलं, "विशेषतः धाकटी मुलगी ओरथाय हिने." एकेक अक्षर जांभळ्या रेघेतून बाहेर पडायचं आणि पडता पडता हिरवं व्हायचं. तिने ते खोडलं. पुन्हा लिहिलं, "विशेषतः" काढून "प्रामुख्याने" घातलं. पट्टा काही सुटेना.

मग तिचा फोन आला. तो माइकवरचा आवाज नव्हता.

"पी जियाप, ओरथाय फोन उचलत नाहीये. किती वेळा केला मी."

"असं का?"

"तुम्हाला दिसतंय ना ते?"

"काय ते?" मी म्हटलं. मला दिसत होतं, तिलाही ठाऊक होतं मला दिसतंय. पण तिच्या तोंडून यावं असं वाटलं मला. असली मी.

"तो हिरवा पट्टा. त्या वाक्यावर धरून बसलीय. बोलत नाही, खोडत नाही, शेजारी काही लिहीतही नाही. नुसती धरून बसलीय. तुम्ही जरा जाऊन तिला सांगा ना सोडायला."

"मी काय सांगू? तुमच्या घरातलं आहे. आणि दुकानात मी एकटी."

दुकानात मी एकटी होते हे खरं, पण त्यांचं घर इथून दोन गल्ल्यांवर. शटर अर्धं ओढून जाऊन येता आलं असतं. मी गेले नाही. मला पुढचं बघायचं होतं.

"बाबाही असंच करायचे," ती म्हणाली. "उत्तर चुकलं की ओरडायचे नाहीत. त्या ओळीवर बोट ठेवायचे आणि नुसते उभे राहायचे. आपण रडेपर्यंत."

माझ्याही वहीवर ते बोट आलं होतं. तिने फोन ठेवला.

नंतर बराच वेळ जांभळी रेघ नुसती लुकलुकत राहिली. मग तिने आपले सगळे बदल मागे घेतले. मूळ वाक्य होतं तसं परत आलं, हिरव्या पट्ट्यासकट. त्याच्याखाली एक ओळ मोकळी सोडून ती लिहायला लागली.

"हे वाक्य खोटं आहे. मी लिहिलं. मी वर्षातून एकदा यायचे, बाबांच्या हातावर पाणी घालायचे, फोटो काढायचे आणि दुसऱ्या दिवशी जायचे. मागच्या खेपेला बाबांना तहान लागली तेव्हा मी पेला तोंडाला लावला आणि त्यांना ठसका लागला. ओरथाय पळत आली आणि तिने चमच्याने पाजलं. त्यांना पेल्याने पाजायचं नाही हे मला ठाऊक नव्हतं. मला लाज वाटू नये म्हणून बाबांनी आपलाच घोट चुकल्याचं सांगितलं. त्यानंतर मी दर आठवड्याला फोन करायचे तोही बंद केला, कारण फोनवर बाबांचं बोलणं मला समजायचं नाही आणि ओरथायला मध्ये घ्यावं लागायचं. मला लाज वाटायची. आज सगळ्यात जास्त वाटतेय. ओरथाय, तू धरून ठेवलंयस ते मला दिसतंय. सोड आता."

मी चहाचा पेला खाली ठेवला. माझं समाधान कुठल्या कुठे गेलं होतं. दुसऱ्याच्या घरात डोकावताना आतल्या माणसाने मान वर करून आपल्याकडे बघावं, तसं झालं मला. फाइल बंद करावी असं वाटलं, आणि नेमका फोन वाजला.

"वाचलंत?" सुप्राणीने विचारलं.

"वाचलं."

"हेच छापा. ते वाक्य काढा आणि हे घाला. मला माहितीय, अशी पुस्तकं नसतात. पण घाला."

मी काही म्हणायच्या आत पडद्यावर हिरवा पट्टा सुटला. पट्टा एक ओळ खाली आला. "हे वाक्य खोटं आहे" या ओळीवर बसला, थोडा थांबला, सुटला. पुढची ओळ. मग पुढची. आम्ही दोघी, ती बँकॉकला आणि मी इथे, ओरथायला वाचताना बघत होतो. पाणी घालण्याची ओळ झाली. पेल्याची ओळ आली, तिथे पट्टा जरा जास्त रेंगाळला. चमच्यावरून तो पुढे गेला. शेवटच्या "सोड आता" वर आला, आणि मग हिरवा रंग फाइलमधून गेलाच.

"गेली," सुप्राणी म्हणाली.

"गेली."

"आता ती माझ्याशी बोलणार नाही."

मी तिला धीर देण्यासाठी काहीतरी पुटपुटत होते. फोन ठेवायची हिंमत तिलाही नव्हती आणि मलाही. तेवढ्यात बाहेर स्कूटर थांबली. ओरथाय आत आली. घरच्या चपला, बोटांना डिंक, केसांत कागदाचे कपटे. विहारात बायका चितेवर ठेवायची चंदनाची फुलं वळत होत्या, तिथून आली होती हे बघताच कळत होतं.

"पी जियाप, झालंय काय?" ती म्हणाली. "पी सुप्राणीला फोन लावतेय तर सारखा लागलेला. आणि फाइलमध्ये हे काय लिहून ठेवलंय तिने? बरी आहे ना ती?"

मी मोबाइल स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. "ही बघ. बोल."

"पी? ऐकतेयस?"

"ऐकतेय," सुप्राणी म्हणाली. "ओरथाय, मी ते वाक्य—"

"तेच विचारायला आले. मी धरलेलं कुठलं वाक्य? काय धरून ठेवलंय मी?"

"दुपारभर धरून बसली होतीस ना तू. हिरवा पट्टा. मला दिसत होता."

ओरथायने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ती जरा विचार करत राहिली, आणि मग तिच्या लक्षात आलं.

"अगं ते कॉपी करायला धरलं होतं," ती म्हणाली. "मेरूसमोर चरित्र वाचून दाखवायचंय ना, विहारातले म्हणाले, सगळं नको, लोक उन्हात असतात, मोजकं द्या. तर ते वाक्य द्यायचंच असं मी ठरवलं. धरलं, आणि तेवढ्यात फुलांना माणसं कमी पडतायत म्हणून बोलवायला आले. तशीच उठून गेले. फोन चार्जिंगला राहिला. आत्ता आले तर हे सगळं."

मी माझ्या चहाच्या पेल्याकडे बघत होते.

"ते वाक्य द्यायचं?" शेवटी सुप्राणीने विचारलं. "का?"

"चांगलं आहे म्हणून."

"खोटं आहे ते, ओरथाय."

"हो, ते मला माहितीय ना," ओरथाय म्हणाली. अगदी साधेपणाने म्हणाली, डिंक खरवडत. "माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? पण बाबा सगळ्यांना तेच सांगायचे."

"काय सांगायचे?"

"कुणी भेटायला आलं की. बोलणं धड निघायचं नाही, पण एवढं वाक्य त्यांनी बसवून ठेवलं होतं. 'पोरं आळीपाळीने येतात.' कुणी विचारलं, आज कोण आहे, तर म्हणायचे, सुप्राणी आत्ताच गेली, परवा बंचोंग यायचाय. मी चहा आणायला आत गेले की माझ्यामागे सांगायचे, मला ऐकू जाऊ नये म्हणून. मला ऐकू यायचंच. घर केवढं आपलं." ती थांबली. "तू लिहिलेलं वाचलं तेव्हा मला वाटलं, तुलाही त्यांनी कधी सांगितलं असेल. म्हणून तू बरोबर तेच लिहिलंस. बाबांच्या मनासारखं."

सुप्राणी रडत होती का ते मला सांगता येणार नाही.

"मला ते काढू दे," ती म्हणाली. "मी सगळ्यांसमोर खरं वाचते. तेवढं तरी करू दे मला."

"आणि बाबांचं काय?" ओरथायचा आवाज पहिल्यांदा जरा चढला. "ज्यांनी गावभरच्या पोरांना आईबापाला जपा म्हणून शिकवलं, त्यांच्या पोटची पोरं फिरकली नाहीत, हे त्यांच्याच पेटीसमोर माइकवरून सांगायचं? तीन वर्षं झाकून ठेवलं ना त्यांनी? तुला मोकळं वाटावं म्हणून शेवटच्या दिवशी मी ते उघडं पाडू? नाही, पी. ते तसंच राहू दे. आणि वाच तूच. तुझा आवाज त्यांना आवडायचा. रेडिओवर तुझा कार्यक्रम लागला की मला मशीन बंद करायला लावायचे."

यावर सुप्राणी "बरं" म्हणाली. एवढंच म्हणाली.

ओरथायने माझ्या पडद्यावर स्वतः बसून ते खालचं सगळं धरलं, पहिल्या शब्दापासून "सोड आता" पर्यंत, आणि पुसलं. मग मला म्हणाली, "लाव उद्या मशीनवर," आणि फुलं वळायला परत गेली. मी दुपारभर चहा पीत काय बघत बसले होते हे तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगणार होते कुणास ठाऊक.

चितेच्या दिवशी ऊन कडक होतं. विहाराचं अंगण काळ्या-पांढऱ्या कपड्यांनी भरलं. ख्रूंचे विद्यार्थी म्हणजे आता नातवंडं असलेली माणसं, गुडघे धरत खुर्च्यांवर बसलेली. दुकानदार, भाजीवाल्या, शेजारच्या गल्लीतल्या सगळ्या. यातला असा एकही नव्हता जो त्या तीन वर्षांत कधी ना कधी त्या घरी जाऊन आला नव्हता. पलंगाशेजारी मशीनवर कोण बसलेलं असायचं ते सगळ्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं.

सुप्राणी माइकपाशी उभी राहिली. हातात माझं पुस्तक. जन्म, गाव, शाळा वाचलं, आवाज खणखणीत. लोकांनी आपापली पुस्तकं उघडली होती, आणि मी बघितलं तर पुढच्या रांगेतली ती म्हातारी मंडळी ओळीखाली बोट धरून तिच्याबरोबर वाचत होती. कुणी सांगितलं नव्हतं. त्यांचा हात आपोआप तिथे गेला होता.

त्या वाक्याशी सुप्राणी थांबली. ओरथाय मेरूच्या पायरीपाशी फुलांची परडी घेऊन उभी होती, तिने वर पाहिलं नाही. सुप्राणीने वाक्य वाचलं. "तिन्ही मुलांनी आळीपाळीने," स्पष्ट, एकेक शब्द सुटा, जसं ख्रू वाचून घ्यायचे तसं. इतक्या माणसांत एकानेही मान वर केली नाही. शेजारच्याकडे पाहिलं नाही, कुजबूज नाही, खोकला नाही. सगळी बोटं त्या ओळीखाली तशीच राहिली, आणि तिने पुढचं वाक्य सुरू केल्यावर सरकली. मग आम्ही सगळे उठून उभे राहिलो, मान खाली घालून, ख्रूंसाठी.

फूल ठेवून उतरताना पायऱ्यांच्या खाली तिन्ही मुलं ओळीने हात जोडून उभी होती. माझ्यापुढे भाजीवाली बुंचू होती, ऐंशीच्या घरातली. ही बाई रोज सकाळी ख्रूंसाठी मऊ भाजी दारात ठेवून जायची. तिने सुप्राणीचे जोडलेले हात आपल्या हातांत घेतले.

"फार केलंत हो लेकरांनो बापाचं," ती म्हणाली. "सगळ्यांनी मिळून केलंत. असं नशीब कुणाला मिळतं?"

तिच्यामागून दुसरीही तेच म्हणाली. तिच्या मागचा माणूसही. बंचोंग "हो, हो" म्हणत होता आणि घाम पुसत होता. सुप्राणी प्रत्येकापुढे मान झुकवत होती, आणि दर वेळी आधीपेक्षा खाली झुकवत होती. माझी पाळी आली. ख्रूंनी जे गावाला सांगितलं तेच गाव तिला परत सांगत होतं, एवढं मला कळलं. मी तिचे हात धरले आणि म्हणाले, "छान वाचलंस." तिचे हात बर्फासारखे थंड पडले होते, एवढ्या उन्हात.

दुसऱ्या दिवशी सकाळी अस्थी उचलल्या. मला वाटलं जेवण झालं की गाड्या वळतील. बंचोंगची वळली. संध्याकाळच्या आत मी ती फाइल बंद करून टाकायची म्हणून घरीच उघडली, काम संपलं की मी बंद करते. पानावर जांभळा रंग होता.

त्या वाक्यावर पट्टा होता, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. मी थांबले. पट्टा हलला नाही. ती काही कॉपी करत नव्हती हे मला कळत होतं, छापून वाटून झालेल्या वाक्याची कॉपी करून कोण कुणाला पाठवणार? मागच्या बाजूने, भिंतीपलीकडून, मशीनचा आवाज येत होता. म्हणजे ओरथाय शिवायला बसली होती, आणि तिच्याशेजारी कुठेतरी तिची बहीण.

मी फाइल उघडी ठेवली आणि पडद्याची पाठ माझ्याकडे करून ठेवली.